बर्फ पाहिलेल्यांची साक्ष

 

आज आपण फार लांबच्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत. पृथ्वीच्या दोन टोकांना, दोन्ही ध्रुवांवर, जो बर्फ आहे त्याच्याबद्दल. तो वितळतो आहे हे आपण बातम्यांत ऐकतो. पण तो वितळताना कोणी पाहिला, पाहणाऱ्यांनी काय केलं, आणि त्यातून आपल्याला काय घेण्यासारखं आहे, हे आज सांगायचं आहे.

ध्रुव हा शब्द आपल्याला नवा नाही. लग्नात नवरा-नवरीला ध्रुवतारा दाखवतात. ध्रुवबाळाला अढळपद मिळालं, ही गोष्ट आपण लेकरांना सांगतो. आकाशातला ध्रुव अजून जागेवर आहे. त्याच्या बरोबर खाली, पृथ्वीच्या उत्तर टोकाला जो बर्फ आहे, तो मात्र आता अढळ राहिलेला नाही.

हा विषय आम्ही आमच्या गटांमध्ये काढला, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "अगं, तिकडचा बर्फ वितळला तर आपलं काय जातंय? उलट पाणीच वाढंल की." सगळ्या हसल्या, पण प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर आम्ही दोन काचेच्या पेल्यांतून शोधलं. तुम्हीही करून बघा.

पहिल्या पेल्यात पाणी घ्या आणि त्यात बर्फाचे दोन-तीन खडे सोडा. पाणी जिथवर आलं तिथं बाहेरून एक टिकली लावा. दुसऱ्या पेल्यात नुसतं पाणी घ्या, त्यालाही टिकली लावा. मग त्या पेल्यावर चहाची गाळणी ठेवा आणि बर्फाचे खडे गाळणीत ठेवा. अर्ध्या-पाऊण तासानं बघा. पहिल्या पेल्यातला बर्फ वितळला तरी पाणी टिकलीपाशीच असतं. दुसऱ्या पेल्यात मात्र गाळणीतून थेंब थेंब गळून पाणी टिकलीच्या वर चढलेलं दिसतं.

दोन्ही ध्रुवांमधला फरक असाच आहे. उत्तर ध्रुवावर जमीन नाही, समुद्र आहे, आणि त्या समुद्राचं पाणी गोठून वर बर्फाची साय धरलेली असते. तो आपला पहिला पेला. ती साय वितळली म्हणून समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. दक्षिण ध्रुवावर अंटार्क्टिका नावाचा अख्खा खंड आहे आणि त्या जमिनीवर बर्फाचे थर साचलेले आहेत. उत्तरेकडंही ग्रीनलँड नावाचं मोठं बेट आहे, तिथं जमिनीवर काही ठिकाणी तीन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. हा दुसरा पेला. हा बर्फ वितळला की पाणी समुद्रात नव्यानं येतं आणि समुद्र चढतो.

मग उत्तरेच्या समुद्रावरची साय गेली तर काही बिघडत नाही का? बिघडतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात बसवत नाही, म्हणून आपण पत्र्यावर चुना मारतो. पांढऱ्यावरून ऊन परत फिरतं आणि काळ्यात मुरतं, हे आपल्याला शाळेत न जाताही माहीत आहे. ताजं हिम पडलेला बर्फ शंभरातलं ऐंशीच्या वर ऊन परत पाठवतो. उघडा काळा समुद्र शंभरातलं नव्वदच्या वर ऊन पिऊन टाकतो. म्हणजे बर्फ गेला की समुद्र तापतो, आणि समुद्र तापला की आणखी बर्फ जातो. हे चक्र एकदा सुरू झालं की स्वतःच जोर धरतं. १९७९ पासूनचा हिशोब पाहिला, तर उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश बाकीच्या जगापेक्षा जवळजवळ चौपट वेगानं तापला आहे.

१९७९ हे साल एवढ्यासाठी की, त्या सुमारापासून उपग्रह या बर्फाची सलग मोजणी करत आहेत. हिवाळ्यात बर्फाची ही साय पसरते आणि उन्हाळ्यात आकसते. सर्वांत कमी बर्फ सप्टेंबर महिन्यात असतो. १९८० च्या दशकात सप्टेंबरमध्ये सुद्धा सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर उरला. आपला देश सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे जिथं दोन भारत मावतील एवढा बर्फ असायचा, तिथं त्या वर्षी जेमतेम एक भारत मावेल एवढाच राहिला.

हे झालं वरून पाहणं. पण त्या बर्फावर माणसंही राहतात. कॅनडा, अलास्का, ग्रीनलँड आणि रशियाच्या उत्तर टोकाला इनुइट लोक आहेत. दीड लाखाच्या वर त्यांची वस्ती आहे. आपल्याला बर्फ म्हणजे सरबतातला खडा. त्यांना बर्फ म्हणजे रस्ता, बर्फ म्हणजे शिवार. गोठलेल्या समुद्रावरून कुत्र्यांच्या घसरगाडीनं किंवा आता इंजिनाच्या गाडीनं ते शिकारीला जातात. सील आणि मासे हे त्यांचं अन्न. कातडी कमावून, शिवून थंडीचे कपडे करायचे हे काम मुख्यतः बायकांचं. अलास्कात गोठलेल्या जमिनीत खोल खड्डे खणून त्यात मांस साठवतात. आपल्याकडं पूर्वी धान्याची पेवं असायची, तसंच ते. आता जमीन सैल पडते आहे आणि काही पेवांत पाणी शिरतं आहे. वर्षाचं अन्न खराब होणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

या लोकांनी बदल कुठल्या यंत्रानं पाहिला नाही, रोजच्या जगण्यात पाहिला. पाणी उशिरा गोठायला लागलं. वसंतात बर्फ लवकर फुटायला लागला. आजोबांच्या पिढीपासून ज्या वाटेनं जायचे, त्या वाटेवर बर्फ पायाखाली खचू लागला आणि जाणती माणसं सुद्धा पाण्यात पडू लागली. वादळात अडकलं तर हिमाचं घर बांधून रात्र काढायची त्यांची पद्धत. त्यासाठी दाट, घट्ट हिम लागतं, ते मिळेनासं झालं.

कॅनडाच्या उत्तरेला सॅक्स हार्बर नावाची छोटी वस्ती आहे. १९९९-२००० च्या सुमारास तिथल्या लोकांनी आपण पाहिलेले बदल सांगितले आणि त्यावर एक माहितीपट तयार झाला. त्यांच्याकडं कधी न दिसणारा रॉबिन पक्षी दिसू लागला होता. त्या पक्ष्याला त्यांच्या भाषेत नावच नव्हतं. बॅफिन बेटाच्या भागातले वडीलधारे हवामानाबद्दल एक शब्द वापरू लागले, 'उग्गियानाक्तुक'. ओळखीचं माणूस एकाएकी अनोळख्यासारखं वागायला लागलं, असा त्याचा भाव. मृग बरसला नाही आणि दिवाळीत पाऊस कोसळला की आपल्यालाही आभाळाबद्दल असंच वाटतं, नाही का?

आता एका बाईंबद्दल सांगतो. त्यांचं नाव शीला वॉट-क्लूटिए. शीला हे नाव आपल्याकडचंच वाटावं, पण या कॅनडाच्या इनुइट. १९५३ चा जन्म. आई आणि आजीनं वाढवलं. पहिली दहा वर्षं त्या कुत्र्यांच्या गाडीतूनच फिरल्या, मग शिक्षणासाठी घरापासून दूर पाठवलं गेलं. पुढं त्या इनुइट लोकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.

त्यांच्या लक्षात आलं, की जगातले मोठे लोक परिषदा भरवतात, तिथं अंश सेल्सिअस आणि आकडे यांवर बोलणं होतं. बर्फात पडलेल्या माणसाबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून त्यांनी वेगळी वाट धरली. गावोगावच्या शिकाऱ्यांना, वडीलधाऱ्यांना, बायकांना विचारलं, तुम्ही काय पाहिलं? त्यांनी सांगितलेलं नावानिशी लिहून काढलं. ७ डिसेंबर २००५ ला शीलाताईंनी स्वतः आणि आणखी ६२ जणांच्या वतीनं, अमेरिका खंडातल्या देशांच्या मानवी हक्क आयोगाकडं अर्ज दाखल केला. अर्ज दीडशेपेक्षा जास्त पानांचा होता. त्याचं म्हणणं साधं होतं. अमेरिकेसारख्या मोठ्या देशाच्या धुरामुळं हवा तापते, त्यामुळं आमचा बर्फ जातो, आणि बर्फ गेला की आमचं अन्न, आमचं घर, आमचं आरोग्य, आमची रीत जाते. म्हणजे हा आमच्या हक्कांवर घाला आहे.

पुढं काय झालं? २००६ मध्ये आयोगानं कळवलं, की दिलेल्या माहितीवरून आम्ही हा अर्ज पुढं चालवू शकत नाही. अर्ज फेटाळला गेला. पण त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी आयोगाला परत लिहिलं, आणि १ मार्च २००७ ला आयोगानं या विषयावर सुनावणी घेतली. तिथं शीलाताईंनी उभं राहून साक्ष दिली. निकाल त्यांच्या बाजूनं लागला नाही, हे खरं आहे. पण हवामान बदल हा माणसांच्या हक्काचा प्रश्न आहे, हे त्या अर्जानं कागदावर आणलं. नंतर अनेक देशांत लोक याच मुद्द्यावर न्यायालयात गेले. शीलाताईंनी आपली कहाणी पुस्तकात लिहिली. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच आहे, थंड राहण्याचा हक्क.

अलास्कात शिशमारेफ नावाचं सहाशेच्या आसपास वस्तीचं गाव आहे, एका अरुंद बेटावर. पूर्वी शरद ऋतूतली वादळं यायच्या आधी किनाऱ्याला बर्फ धरायचा आणि लाटा अडायच्या. आता बर्फ उशिरा धरतो, लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात आणि खालची गोठलेली जमीनही सैल झाली आहे. काठावरचं घर समुद्राकडं कलंडल्याचे फोटो जगभर गेले. २०१६ मध्ये गावानं मतदान केलं आणि थोड्या मतांच्या फरकानं ठरवलं, की गाव हलवायचं. पण गाव हलवायला पैसा लागतो, जागा लागते. ठराव झाला म्हणून गाव हललं नाही. धरणात गाव गेलेल्या आपल्या बहिणी ऐकत असतील, तर त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता दुसऱ्या पेल्याकडं, म्हणजे जमिनीवरच्या बर्फाकडं येऊ. २००२ साली दोन जोड उपग्रह सोडले गेले. ते साधारण २२० किलोमीटर अंतर ठेवून एकामागं एक फिरत होते आणि त्या अंतरातल्या बारीक फरकावरून खालच्या बर्फाचं वजन कळत होतं. जणू आकाशातली तागडीच. त्या तागडीनं सांगितलं, की ग्रीनलँडचा बर्फ वर्षाला सरासरी २५० अब्ज टनांपेक्षा जास्त घटतो आहे. दुष्काळात आपल्या गावाला येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरा. असे अडीच हजार कोटी टँकर, दर वर्षी, समुद्रात. आणि १४ ऑगस्ट २०२१ ला ग्रीनलँडच्या बर्फाच्या माथ्यावर, तीन हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणी, पाऊस पडला. तिथल्या नोंदींमध्ये त्या आधी पावसाची नोंद नव्हती. केंद्रावरच्या माणसांनी तो डोळ्यांनी पाहिला.

दक्षिणेकडं २००२ च्या उन्हाळ्यात, तिकडचा उन्हाळा म्हणजे जानेवारी ते मार्च, लार्सन बी नावाचा बर्फाचा तरंगता फलक अवघ्या काही आठवड्यांत फुटून विखुरला. सुमारे ३२५० चौरस किलोमीटरचा, म्हणजे पाच मुंबया मावतील एवढा. तो तरंगता होता, म्हणून त्याच्यामुळं समुद्र चढला नाही. पण दाराचा अडसर काढावा तसं झालं. त्याच्या मागं जमिनीवर अडून राहिलेल्या बर्फाच्या नद्या वेगानं समुद्राकडं सरकू लागल्या.

१९०१ पासून २०१८ पर्यंत जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. म्हणजे आपली जेमतेम एक वीत. काही वाढ पाणी तापून फुगल्यामुळं, काही डोंगरांवरच्या आणि ध्रुवांवरच्या बर्फामुळं. वीतभर म्हणजे फार वाटत नाही. पण कोकणातल्या बहिणींना विचारा. उधाणाच्या भरतीला बांध आणि भाताचं शेत यांच्यात किती अंतर असतं? कधी कधी वीतभरच असतं. आणि खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ते नुसतं ओसरून भागत नाही.

हे सगळं परक्या लोकांनीच पाहिलं असं नाही. आपल्या देशाची ध्रुवांवरची कामं पाहणारं केंद्र गोव्यात, वास्को-द-गामाला आहे. अंटार्क्टिकात आपली मैत्री आणि भारती ही केंद्रं आहेत आणि उत्तरेकडं हिमाद्री हे केंद्र २००८ पासून आहे. १९८३ साली अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर पहिल्यांदा दोन भारतीय बायका गेल्या. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या अदिती पंत आणि खडकांचा अभ्यास करणाऱ्या सुदीप्ता सेनगुप्ता. अदिती पंत आपल्या नागपूरच्या. पुढं मंगला मणी या इस्रोच्या शास्त्रज्ञ वयाच्या ५६ व्या वर्षी भारती केंद्रावर ४०३ दिवस राहिल्या. तिथल्या तुकडीत त्या एकट्याच बाई होत्या. 'एवढ्या थंडीत बायका कशा राहतील' या प्रश्नाला त्यांनी राहून दाखवून उत्तर दिलं.

बर्फ का जातो, हे थोडक्यात सांगतो. पृथ्वीभोवती हवेची एक गोधडी आहे. ती नसती तर आपण गारठून गेलो असतो. पण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण त्या गोधडीवर थर चढवत गेलो. कारखाने फार नव्हते तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डाय ऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ४२० च्या वर गेले आहेत. गोधडी जाड झाली आणि आतली ऊब बाहेर जाईनाशी झाली. हे थर सगळ्यांनी सारखे चढवलेले नाहीत. आपल्या देशात माणशी होणारा हा वायू जगाच्या सरासरीच्या निम्म्यापेक्षा कमी आहे. इनुइट लोकांचाही यात वाटा अगदी थोडा. ज्यांनी कमी जाळलं त्यांच्याच पायाखालची जमीन आधी सरकली.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवूया. आपल्याकडच्या प्रत्येक गारपिटीचा, प्रत्येक कोरड्या विहिरीचा दोष ध्रुवावरच्या बर्फाला देता येणार नाही. विहीर आटायला आपण खणलेली बोअर सुद्धा कारण असते. म्हणून भिऊन जाऊ नका आणि कोणी काहीही सांगितलं तर लगेच मानूही नका. बघा, मोजा, लिहा.

आमचं आजचं मागणं एवढंच आहे. त्या ६२ जणांमध्ये आणि आपल्यात एक सारखेपणा आहे. पाहिलेलं त्यांच्याकडंही खूप होतं, पण त्यांना कोणी विचारायला येत नव्हतं. आपल्याकडं पीक गेलं की पंचनामा होतो. पण सातबाऱ्यावर नाव नसलं तर बाईला कोण विचारतं? पेरणी आपण केलेली असते, खुरपणी आपण केलेली असते, पाणी किती खाली गेलं हे आपल्या दोरीला माहीत असतं. तरी सही दुसऱ्याची आणि सांगणंही दुसऱ्याचं.

म्हणून गटाच्या वहीत जमा-खर्चाच्या मागं एक पान राखून ठेवा. दर महिन्याच्या बैठकीत त्यावर चार ओळी लिहा. पहिला पाऊस कोणत्या तारखेला पडला. विहिरीला किती हात दोरी लागली. आंब्याला मोहोर कधी आला आणि कधी गळला. उन्हामुळं किती दिवस मजुरीला जाता आलं नाही. कोणता पक्षी दिसेनासा झाला, कोणता नवा दिसला. तारीख घाला आणि सांगणारीचं नाव घाला. ज्या मावशींना लिहिता येत नाही, त्यांनी सांगावं, शिकलेल्या सुनेनं लिहावं आणि मावशींनी अंगठा करावा. मावशींना पन्नास पावसाळे आठवतात, ते सुनेला कुठून माहीत असणार?

या पानानं बर्फ परत गोठणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघेल, नुकसानीचा विषय निघेल, तेव्हा 'बायकांना काय कळतंय' असं म्हणणाऱ्यापुढं ठेवायला आपल्याकडं तारखेसह पान असेल. दोन-तीन वर्षांची पानं जमली की ग्रामसंघात एकत्र वाचू. कुठल्या वाडीत पाणी लवकर गेलं, कुठं टिकलं, हे शेजारी शेजारी ठेवलं की त्यातून पुढचं काम आपोआप दिसेल.

पुढच्या बैठकीला दोन काचेचे पेले, एक गाळणी आणि थोडा बर्फ घेऊन या. टिकल्या तर सगळ्यांकडं आहेतच. आधी प्रयोग करा, मग पहिलं पान लिहा. आणि लिहिलेलं रेडिओवर वाचून दाखवायला जरूर या, आम्ही वाट बघतो.

नमस्कार.